वेब ॲप्लिकेशनचा कोड मॉड्यूलमध्ये विभागताना: सीमा कुठे आखायची आणि ती टिकवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सभागृहं आणि बैठकीच्या खोल्या आरक्षित करण्याचं एक वेब ॲप्लिकेशन हळूहळू ४०,००० ओळींवर गेलं आहे. कंट्रोलर (विनंत्या हाताळणारा कोड), मॉडेल (डेटाची रूपं), सर्व्हिस (कामाचे नियम) आणि युटिल्स (इकडेतिकडे लागणारी छोटी फंक्शन) असे चार फोल्डर आहेत. एक नवं फील्ड घालायचं तरी चारही फोल्डर उघडावे लागतात, युटिल्स फुगत चाललं आहे, आणि अधूनमधून वर्तुळाकार इम्पोर्टमुळे, म्हणजे फाइली एकमेकींना इम्पोर्ट करत असल्यामुळे, ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. या कोडची मॉड्यूल कशी पाडायची? की सरळ मायक्रोसर्व्हिसकडे, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या ॲप्लिकेशनकडे, वळायचं?

मायक्रोसर्व्हिसचं आधी संपवू. आत्ता तो विचार करू नका. सीमा चुकीच्या जागी आखली गेली आणि दोन्ही बाजू एकाच प्रोसेसमध्ये असल्या, तर चूक दुरुस्त करायला एक फंक्शन इकडून तिकडे हलवावं लागतं. तीच सीमा दोन सर्व्हिसच्या मध्ये असली तर त्याच दुरुस्तीत नेटवर्क कॉल, टाइमआउट, दोन डेटाबेसमधली विसंगती आणि दोन डिप्लॉयमेंटचा क्रम हे सगळं येतं. पहिल्या प्रयत्नात सीमा थोड्याफार चुकतातच. म्हणून त्या आधी एकाच ॲप्लिकेशनमध्ये, एकाच डेटाबेसवर आखा. पुढे एखादा भाग खरोखर वेगळा चालवायची गरज पडलीच, तर नीट आखलेलं मॉड्यूल उचलून बाहेर काढणं सोपं जातं.

फोल्डर आणि मॉड्यूल यांतला फरक

फोल्डर म्हणजे फाइली ठेवायची जागा. मॉड्यूल म्हणजे ज्याच्या आतल्या गोष्टींना बाहेरच्या कोडला हात लावता येत नाही असा भाग. तुमच्या चार फोल्डरमध्ये कुठलीही फाइल कुठल्याही फाइलला इम्पोर्ट करू शकते. त्यामुळे चार फोल्डर असूनही आज तुमच्याकडे ४०,००० ओळींचं एकच मॉड्यूल आहे.

कंट्रोलर-मॉडेल-सर्व्हिस ही मांडणी कोडचा प्रकार पाहून केलेली आहे. ॲप्लिकेशन लहान असताना ती पुरते. पण बदलाच्या मागण्या प्रकारानुसार येत नाहीत. ‘रद्द केल्यास ४८ तास आधीपर्यंत पूर्ण परतावा द्या’ ही मागणी येते तेव्हा ती कंट्रोलरमध्येही शिरते, सर्व्हिसमध्येही आणि मॉडेलमध्येही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. मजकुरातल्या शब्दांची अनुक्रमणी तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी दोन पद्धतींनी विभागला: एकदा कामाच्या टप्प्यांनुसार आणि एकदा पुढे बदलू शकणाऱ्या निर्णयांनुसार. पहिल्या विभागणीत डेटा साठवण्याची पद्धत बदलली की जवळपास सगळीच मॉड्यूल बदलावी लागत होती. दुसऱ्या विभागणीत तोच बदल एका मॉड्यूलपुरता राहत होता. वेब ॲप्लिकेशनलाही तीच कसोटी लावा: जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एकाच मॉड्यूलच्या पोटात राहायला हवा.

सीमा शोधायच्या कशा

कागदावर चौकोन काढून सुरुवात करू नका. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या तुमच्या इतिहासात बरंचसं उत्तर आहे. गिट लॉगला नेम-ओन्ली हा पर्याय देऊन गेल्या सहा महिन्यांतले कमिट (एकत्र नोंदवलेले बदल) काढा आणि कुठल्या फाइली वारंवार एकत्र बदलल्या आहेत ते पाहा. फॉरमॅटिंगचे, लायब्ररी अद्ययावत करण्याचे आणि एकदम ५० फाइली बदलणारे कमिट वगळा, नाहीतर चित्र गढूळ होतं. ज्या फाइली पुन्हापुन्हा एकत्र बदलतात, त्या आज वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असल्या तरी बहुधा एकाच मॉड्यूलच्या असतात.

दुसरी पाहणी टेबलांची. प्रत्येक टेबलासमोर लिहा: यात नोंद घालणारा किंवा बदलणारा कोड कुठे कुठे आहे? वाचणारा कोड तूर्त सोडून द्या. एखाद्या टेबलात तीन-चार वेगळ्या ठिकाणांहून लिहिलं जात असेल, तर त्या टेबलाचा मालक अजून ठरलेला नाही आणि सीमा आखताना पहिली अडचण तिथेच येणार आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. एकाच शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर तिथून सीमा जाते. ‘जागा’ म्हणजे व्यवस्थापकासाठी क्षमता, मजला आणि प्रोजेक्टर. आरक्षणासाठी मात्र ‘या वेळेत मोकळी की नाही’ एवढंच. या दोन अर्थांना एका क्लासमध्ये कोंबलं की तो क्लास ६०-७० फील्डचा होतो आणि त्यातली निम्मी फील्ड प्रत्येक वापरात निरुपयोगी असतात.

या ॲप्लिकेशनसाठी मी अशी विभागणी करेन: सदस्य, जागा, दर, आरक्षण, पेमेंट, सूचना आणि अहवाल. सात मॉड्यूल. ४०,००० ओळींना सुरुवातीला पाच ते दहाच्या आसपास मॉड्यूल पुरेत. पहिल्याच फेरीत तीस मॉड्यूल केली तर बहुतेक बदल पुन्हा चार-पाच मॉड्यूलमधून जाऊ लागतील आणि मूळ दुखणं तसंच राहील. मोठं मॉड्यूल पुढे फोडणं सोपं असतं. चुकीच्या जागी फोडलेली दोन मॉड्यूल सांधणं त्याहून बरंच कटकटीचं.

मॉड्यूलच्या आत काय असावं

प्रत्येक मॉड्यूलला एकच दरवाजा हवा, म्हणजे बाहेरच्यांनी जिथून इम्पोर्ट करायचं अशी एकच फाइल. आरक्षणाचं उदाहरण:

आरक्षण/
— दरवाजा (बाहेरच्यांसाठी फक्त हीच फाइल)
— अंतर्गत/
—— नियम (तारखा, वेळा, रद्द करण्याच्या अटी, डेटाबेस नाही, एचटीटीपी नाही)
—— साठवण (टेबल आणि क्वेरी)
—— मार्ग (यूआरएल, विनंतीची तपासणी, प्रतिसाद)
—— कामं (पार्श्वभूमीवर चालणारी)
— टेस्ट/

म्हणजे जुने थर गेलेले नाहीत, ते आता मॉड्यूलच्या आत आले आहेत. लहान मॉड्यूलमध्ये तेवढेही थर लागत नाहीत. सूचना मॉड्यूल तीन फाइलींत बसत असेल तर बसू द्या. सगळ्या मॉड्यूलची रचना सारखी दिसावी म्हणून रिकाम्या फाइली बनवू नका.

दरवाज्यातून किती फंक्शन बाहेर द्यावीत? साधारण पाच ते दहा. पंचवीस-तीस व्हायला लागली तर दोनपैकी एक झालेलं असतं: एकतर मॉड्यूल खूप मोठं झालं आहे, किंवा दरवाजा टेबलाची नुसती नक्कल करतो आहे. ‘स्थिती बदला’, ‘तारीख बदला’, ‘रक्कम बदला’ अशी फंक्शन दिसली की समजा, नियम बाहेरच्या कोडमध्ये राहिले आहेत. बाहेरच्यांना ‘आरक्षण रद्द करा’ असं एक फंक्शन मिळालं पाहिजे. स्थिती कशी बदलते ते त्यांना कळायची गरज नाही.

दरवाज्यातून ओआरएमची (टेबलातल्या ओळी कोडमधल्या वस्तूंच्या रूपात देणाऱ्या लायब्ररीची) वस्तू कधीही बाहेर देऊ नका. सीमा फुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ते लवकर लक्षात येत नाही. ओआरएमची वस्तू हातात आली की घेणारा तिच्यावरून संबंधित टेबलांत फिरू शकतो, एखादं फील्ड बदलून सेव्ह करू शकतो, आणि टेम्प्लेटमध्ये नकळत क्वेरी चालवू शकतो. मग तुमच्या टेबलातल्या कॉलमचं नाव बदललं की सूचना मॉड्यूलमधला ईमेल तुटतो. त्याऐवजी साधा डेटा द्या: पायथनमध्ये फ्रोझन डेटाक्लास, टाइपस्क्रिप्टमध्ये साधा ऑब्जेक्ट, जावामध्ये रेकॉर्ड. त्यात घेणाऱ्याला लागणारी पाच-सात फील्डच असावीत. एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारा थोडा कोड वाढतो, तो वाढू द्या.

एक काम जवळून: आरक्षण रद्द करणं

आजचं रद्द करण्याचं फंक्शन साधारण असं असणार: कंट्रोलरमध्ये ८०-९० ओळी. लॉगिन तपासतो, आरक्षण वाचतो, सुरुवातीला किती तास उरले ते मोजतो, परताव्याची टक्केवारी ठरवतो, पेमेंट गेटवेला कॉल करतो, स्थिती बदलतो, वेळ मोकळी करतो, ईमेल पाठवतो. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसमधले बदल एकतर सगळे होतात नाहीतर एकही नाही.

यात दोन दोष लपलेले आहेत. गेटवेला केलेला नेटवर्क कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत आहे, त्यामुळे गेटवे दहा सेकंद अडकला तर टेबलावरचं लॉकही दहा सेकंद अडकतं. दुसरा दोष जास्त गंभीर: गेटवेने पैसे परत केले आणि त्यानंतर डेटाबेसमधलं कमिट (बदल पक्के करणं) फसलं, तर पैसे गेले पण आरक्षण चालूच राहिलं. ईमेलचंही तसंच. रोलबॅक डेटाबेसला मागे नेतो, गेलेला ईमेल परत आणत नाही.

विभागल्यावर हे काम असं दिसतं. मार्गाची फाइल विनंतीतून आरक्षण क्रमांक आणि सदस्य क्रमांक काढते आणि ‘आरक्षण रद्द करा’ला देते. एचटीटीपीचं तिचं काम तिथेच संपतं. ‘आरक्षण रद्द करा’ हे फंक्शन हक्क आणि अट तपासतं, दर मॉड्यूलला विचारतं की भरलेली रक्कम इतकी, सुरुवात अमुक वाजता आणि आता इतके वाजले आहेत, तर परतावा किती? दर मॉड्यूलचं हे फंक्शन डेटाबेसला हात लावत नाही. ‘आता’ हीसुद्धा त्याला बाहेरून दिलेली किंमत असते. म्हणून ४७ तास ५९ मिनिटं आणि ४८ तास १ मिनिट या दोन्हींची टेस्ट दोन-दोन ओळींत लिहिता येते, घड्याळ फसवावं लागत नाही.

मग आरक्षणाची स्थिती ‘रद्द, परतावा बाकी’ अशी होते, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स नावाच्या टेबलात एक ओळ पडते: ‘आरक्षण रद्द झालं, क्रमांक अमुक, परतावा इतका’. कमिट झाल्यावर पार्श्वभूमीवरची प्रक्रिया ती ओळ वाचून पेमेंट मॉड्यूलकडून परतावा मागते आणि सूचना मॉड्यूलला कळवते. ही प्रक्रिया मध्येच बंद पडली तर तीच ओळ पुन्हा वाचली जाईल, म्हणजे परतावा दोनदा मागितला जाऊ शकतो. म्हणून मागणीसोबत एक कायम ओळखकळ (ती मागणी ओळखणारी, न बदलणारी की) पाठवायची, उदाहरणार्थ आरक्षण क्रमांकाला ‘परतावा’ जोडून, आणि तीच कळ पुन्हा आली तर पेमेंट मॉड्यूलने आधीचंच उत्तर परत द्यायचं. गेटवेकडे अशी कळ स्वीकारायची सोय असेल तर तिलाही तीच पाठवा.

यात पेमेंट मॉड्यूलला ‘आरक्षण’ हा शब्दच माहीत नाही. त्याच्यासाठी तो एक संदर्भ क्रमांक आणि एक रक्कम आहे. उद्या सदस्यत्वाची वार्षिक फी घ्यायची झाली तर पेमेंटमध्ये एक ओळही बदलावी लागणार नाही.

सगळ्या गोष्टी इव्हेंटने जोडायच्या मोहात मात्र पडू नका. उत्तर लगेच हवं असेल, जसं परताव्याची रक्कम, तर साधा फंक्शन कॉल करा. ‘हे घडून गेलं आहे, कुणाला काही करायचं असेल तर करा’ अशा ठिकाणीच इव्हेंट वापरा. सगळं इव्हेंटवर नेलं की कोड वाचून काय घडेल ते सांगता येत नाही आणि दोष शोधायला लॉग चाळत बसावं लागतं.

वर्तुळं

वर्तुळाकार इम्पोर्टची लक्षणं भाषेप्रमाणे वेगळी दिसतात. पायथनमध्ये ‘पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल’ असा उल्लेख असलेली इम्पोर्ट एरर येते आणि ती स्वतःच वर्तुळाकार इम्पोर्टकडे बोट दाखवते. नोडच्या कॉमनजेएसमध्ये एरर लगेच येत नाही. अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट हातात येतो आणि पुढे कुठेतरी ‘इज नॉट अ फंक्शन’ दिसतं. ईएस मॉड्यूलमध्ये क्लास किंवा कॉन्स्ट असेल तर ‘कॅनॉट ॲक्सेस बिफोर इनिशिअलायझेशन’ येते, पण फंक्शन डिक्लरेशन असेल तर होइस्टिंगमुळे (डिक्लरेशन आधीच उपलब्ध होत असल्यामुळे) काम चालून जातं. म्हणून एखाद्याने फंक्शनचं ॲरो फंक्शन केलं की वर्षभर चालणारा कोड अचानक पडतो. गो मात्र वर्तुळ असेल तर कंपाइलच करत नाही.

इम्पोर्ट फंक्शनच्या आत हलवला की एरर जाते, वर्तुळ जात नाही. घाईत ते करावं लागलं तर शेजारी शेरा लिहा आणि त्या आठवड्यात खरा उपाय करा.

खरे उपाय तीन आहेत, आणि कुठला घ्यायचा ते वर्तुळ का झालं त्यावर ठरतं. दोन्ही मॉड्यूलना एकाच गोष्टीची गरज असेल तर ती गोष्ट तिसऱ्या, दोघांच्या खालच्या मॉड्यूलमध्ये न्या. ‘अ’ला ‘ब’चं उत्तर हवं असेल आणि ‘ब’ला फक्त ‘अ’मध्ये काय घडलं ते कळायला हवं असेल, तर दुसरी दिशा इव्हेंट करा, आरक्षण आणि सूचना यांचं नातं असंच आहे. आणि दोघं एकमेकांना सतत विचारत असतील, एकाचा बदल दुसऱ्याशिवाय होतच नसेल, तर ती दोन मॉड्यूल नाहीतच. एक करून टाका. हा तिसरा उपाय लोक टाळतात, कारण तो माघार घेतल्यासारखा वाटतो. पण पुष्कळदा तोच बरोबर असतो.

टाइपस्क्रिप्टमध्ये एक सवलत आहे. फक्त प्रकारासाठी केलेला ‘इम्पोर्ट टाइप’ कंपाइल होताना पुसला जातो, त्यामुळे चालताना वर्तुळ होत नाही. डिझाइनच्या दृष्टीने ते नातं तरीही आहे, पण ॲप्लिकेशन त्यामुळे पडणार नाही.

जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत वर्तुळांचं आणखी एक कारण वारंवार सापडतं: मॉड्यूलच्या आतल्या फाइली आपल्याच दरवाज्याच्या फाइलीतून इम्पोर्ट करतात. दरवाजा त्या फाइलीला इम्पोर्ट करतो, ती फाइल दरवाज्याला. कोड लिहायचा एडिटर आपोआप इम्पोर्टची ओळ घालतो तेव्हा हे हमखास होतं. नियम साधा आहे: बाहेरून येताना दरवाज्यातून, आतल्या आत मात्र थेट सापेक्ष मार्गाने. आणि दरवाज्याच्या फाइलीत ‘सगळं एक्सपोर्ट करा’ असं तारांकन लिहू नका; एकेक नाव लिहा. नाहीतर एका छोट्या फंक्शनच्या टेस्टसाठी अख्खं मॉड्यूल आणि त्याच्या पाठीमागचं सगळं झाड लोड होतं.

डेटाबेस: खरी सीमा इथे असते

कोडमध्ये कितीही नीट दरवाजे केले आणि सूचना मॉड्यूलने थेट आरक्षणाच्या टेबलावर क्वेरी लिहिली, तर सीमा गेली. म्हणून नियम: प्रत्येक टेबलाला एकच मालक मॉड्यूल, आणि त्यात लिहिणारा फक्त मालक. टेबलांच्या नावांना मॉड्यूलचं नाव आधी जोडा, किंवा पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक मॉड्यूलला वेगळा स्कीमा द्या. एकाच डेटाबेसमध्ये असल्यामुळे ट्रान्झॅक्शन पूर्वीसारखंच चालतं, आणि क्वेरीत दुसऱ्याच्या स्कीमाचं नाव दिसलं की कोड तपासताना लगेच खटकतं.

फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीला बांधणारी अट) मॉड्यूलच्या सीमेपलीकडे ठेवायची की नाही, यावर दोन मतं आहेत. एकाच डेटाबेसमध्ये आहात तोवर ठेवा, असं माझं मत. अनाथ नोंदी शोधत बसण्यापेक्षा ती बरी. मात्र सीमेपलीकडे कॅस्केड डिलीट (एक नोंद पुसली की तिच्याशी बांधलेल्याही आपोआप पुसणं) कधीही लावू नका. सदस्य पुसला म्हणून त्याची पेमेंट परस्पर पुसली जाणं म्हणजे पेमेंट मॉड्यूलला न विचारता त्याचा डेटा नष्ट करणं.

वाचण्याचा प्रश्न लगेच येतो. ५० आरक्षणांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येकासमोर सदस्याचं नाव हवं. जॉइन (दोन टेबलं एका क्वेरीत जोडणं) बंद केला म्हणून लूपमध्ये ‘सदस्य द्या’ला ५० वेळा कॉल केला तर ५० क्वेरी होतात आणि पान रेंगाळतं. मग कुणीतरी ‘मॉड्यूलमुळे सगळं हळू झालं’ म्हणून जॉइन परत आणतं. उपाय आधीच करून ठेवा: दरवाज्यात एकेकट्याऐवजी यादी घेणारं फंक्शन द्या. ‘सदस्यांची नावं द्या’ला ५० क्रमांक एकदम द्यायचे, त्याने क्रमांकावरून नाव सांगणारी डिक्शनरी परत द्यायची. दोन क्वेरीत काम होतं.

अहवालांना हा नियम लागू पडत नाही. महिन्याचं उत्पन्न, जागानिहाय वापर असल्या गोष्टींना पाच टेबलांचा जॉइन लागतोच. अहवाल मॉड्यूलला फक्त वाचायची परवानगी द्या, आणि शक्य असेल तर मालक मॉड्यूलने बनवलेल्या व्ह्यूवरूनच (टेबलासारख्या दिसणाऱ्या साठवलेल्या क्वेरीवरूनच) वाचू द्या, म्हणजे आतला कॉलम बदलला तरी व्ह्यू सांभाळता येतो.

युटिल्सचं काय करायचं

एकेक फंक्शन घ्या आणि विचारा: याला आपल्या व्यवसायाचा एखादा शब्द माहीत आहे का? ‘तारीख ठरावीक नमुन्यात लिहा’ याला माहीत नाही, तेव्हा ते सामाईक फोल्डरमध्ये राहू द्या. ‘आरक्षण सुट्टीच्या दिवशी आहे का’ याला माहीत आहे. ते आरक्षणात किंवा जागेत जाईल. बहुतेक फंक्शन एकाच मॉड्यूलकडून वापरली जातात असं दिसेल; ती सरळ तिथे हलवा. सामाईक फोल्डरने कुठल्याही मॉड्यूलला इम्पोर्ट करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून तपासणीत घाला.

दोन मॉड्यूलमध्ये सारख्या दिसणाऱ्या दहा ओळी असतील तर लगेच एकत्र करू नका. त्या एकाच कारणासाठी बदलणार आहेत का ते पाहा. सदस्याचा फोन क्रमांक आणि जागेचा संपर्क क्रमांक आज सारखेच तपासले जात असतील, उद्या एकाला आंतरराष्ट्रीय क्रमांक चालतील आणि दुसऱ्याला नाही. मग एकत्र केलेल्या फंक्शनला एक हो/नाही सांगणारा परामीटर येतो, नंतर दुसरा, आणि ते कुणाचंच राहत नाही.

ब्राउझरकडचा कोड

तिथेही तीच विभागणी ठेवा, शक्य तितकी तीच नावं. बटण, तारीखनिवड, मोडल असे दृश्य घटक सामाईक. ‘आरक्षणाचं कार्ड’ मात्र आरक्षणाचं. प्रत्येक मुख्य मार्गाचं पान डायनॅमिक इम्पोर्टने आणा, म्हणजे व्यवस्थापकाच्या पानांचा कोड साध्या सदस्याच्या ब्राउझरमध्ये उतरत नाही. सगळ्यांसाठी एकच भलंमोठं ग्लोबल स्टोअर मात्र टाळा. सर्व्हरवर युटिल्सचं जे झालं तेच इथे त्याचं होतं.

नियम यंत्राकडून तपासून घ्या

सगळ्यांनी ठरवून पाळायचा नियम पहिल्या घाईच्या रिलीजला मोडतो. पायथनसाठी इम्पोर्ट-लिंटर, जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टसाठी डिपेन्डन्सी-क्रूझर, जावासाठी आर्कयुनिट, रूबीसाठी पॅकवर्क ही साधनं आहेत. गोमध्ये ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरची सोय भाषेच्या साधनांतच आहे. नोडमध्ये प्रत्येक मॉड्यूल वर्कस्पेसमधलं वेगळं पॅकेज केलं तर ‘एक्सपोर्ट्स’ या फील्डमुळे न दिलेल्या फाइलींचा मार्ग बंदच होतो. तीन नियम पुरेत: दुसऱ्या मॉड्यूलच्या ‘अंतर्गत’मधून इम्पोर्ट नाही, वर्तुळ नाही, सामाईक फोल्डरमधून वर इम्पोर्ट नाही.

पहिल्यांदा चालवल्यावर शेकडो उल्लंघनं निघतील. ती सगळी अपवादांच्या यादीत लिहून ठेवा आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) फक्त नवं उल्लंघन अडवा. यादी दर आठवड्याला लहान होत गेली पाहिजे, वाढता कामा नये.

हलवण्याचा क्रम, आणि हलवताना काय तुटतं

ज्याच्यावर फारसं कुणी अवलंबून नाही अशा मॉड्यूलपासून सुरुवात करा. इथे ते सूचना आहे. त्यात दरवाजा, साधा डेटा, तपासणीचा नियम या सगळ्याचा सराव होतो. मग दर, कारण त्यात मुख्यतः हिशेब आहे. आरक्षण सगळ्यात शेवटी.

एका मॉड्यूलसाठी कामाचा क्रम असा ठेवा: आधी दरवाज्याची फाइल जुन्या जागीच लिहा, तिच्यातून जुन्याच फंक्शनना कॉल करा. मग बाहेरचे सगळे कॉल एकेक करून दरवाज्याकडे वळवा. त्यानंतरच फाइली हलवा. फाइल हलवण्याचा कमिट आणि तिच्यात बदल करण्याचा कमिट वेगळा ठेवा. गिट नाव बदलल्याचं मजकुराच्या साम्यावरून ओळखतं, ठरलेली मर्यादा ५० टक्के आहे, आणि एकाच कमिटमध्ये खूप बदल केले तर फाइलीचा इतिहास तुटलेला दिसतो.

फाइलीचा मार्ग जिथे जिथे डेटा म्हणून साठवलेला असतो, तिथे कंपाइलर आणि टेस्ट दोघंही गप्प राहतात. हलवण्याआधी या जागा तपासा. सेलरीत (पायथनची कामांची रांग सांभाळणाऱ्या साधनात) कामाचं नाव मॉड्यूलच्या मार्गावरून आपोआप बनतं. फाइल हलवली की रांगेत आधीच पडलेली कामं ‘अनरजिस्टर्ड टास्क’ ठरतात आणि टाकून दिली जातात. म्हणून हलवण्याआधी प्रत्येक कामाला स्पष्ट नाव द्या, तेही जुनंच. रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कमध्ये पॉलिमॉर्फिक संबंध (अनेक प्रकारच्या नोंदींकडे बोट दाखवणारे) आणि एसटीआय (अनेक क्लास एकाच टेबलात ठेवण्याची पद्धत) क्लासचं नाव ‘टाइप’ कॉलममध्ये साठवतात. क्लासला नेमस्पेस मिळालं की जुन्या ओळी सापडत नाहीत. लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी मॉर्फ मॅप (क्लासऐवजी साठवायच्या ठरलेल्या नावांची यादी) आधी लावून घ्या. कॅशमध्ये पिकल केलेल्या (बाइट्सच्या रूपात साठवलेल्या) पायथनच्या वस्तू असतील तर कॅशमधल्या कळीचा (की) उपसर्ग बदला, म्हणजे जुन्या वस्तू वाचल्याच जाणार नाहीत.

जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मॉडेल एका ॲपमधून दुसऱ्यात हलवताना विशेष जपा. मेकमायग्रेशन्स या मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) लिहिणाऱ्या आज्ञेला ते हलवणं कळत नाही. ते नवं टेबल बनवायचं आणि जुनं पुसायचं असं मायग्रेशन लिहितं. तसंच चालवलं तर डेटा जातो. ‘सेपरेटडेटाबेसअँडस्टेट’ वापरून फक्त जँगोच्या समजुतीतली जागा बदला, आणि ‘डीबी टेबल’मध्ये जुन्याच टेबलाचं नाव लिहा. टेबलाचं नाव बदलायचं असेल तर नंतर, वेगळ्या मायग्रेशनमध्ये. कंटेंट टाइप आणि परवानग्यांच्या नोंदींतही ॲपचं नाव असतं, त्या नोंदीही तपासा. आणि हे सगळं आधी प्रॉडक्शनच्या प्रतीवर चालवून पाहा. प्रत्येक टेबलातल्या ओळींची संख्या आधी आणि नंतर मोजून ताडा.

दोन-तीन मॉड्यूल झाली की थांबून पुन्हा गिट लॉग काढा. सूचना आणि दर हलवल्यानंतरच्या महिन्याभरातले कमिट पाहा: एका मॉड्यूलमध्ये संपणारे किती, दोनमध्ये जाणारे किती. ठरावीक दोन मॉड्यूल वारंवार एकत्र बदलत असतील तर आरक्षणाला हात घालण्याआधी ती सीमा सरकवा. आरक्षण हे सगळ्यांशी बोलणारं मॉड्यूल असल्यामुळे तिथे पोचेपर्यंत शेजाऱ्यांच्या सीमा स्थिर झालेल्या हव्यात.